आठ मिनिटे आणि दीड सेकंद

पेणच्या एखाद्या गणपतीच्या कारखान्यात संध्याकाळी जाऊन विचारावे, "आज काम किती झाले?" उत्तर लगेच मिळते. साच्यातून इतक्या मूर्ती निघाल्या, इतक्या वाळल्या, इतक्यांना पहिला रंग लागला. हाच प्रश्न डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराला विचारला तर तोही आकडा सांगेल, पण त्या आकड्यात त्याचे काम मावत नाही हे त्याला आणि मालकाला दोघांनाही ठाऊक असते. गिऱ्हाईक मूर्ती पसंत करते ते बहुधा डोळे पाहूनच.

आता तिथून उठून एखाद्या कचेरीत जाऊ. बँक असो, तहसील असो, विम्याचे कार्यालय असो. "आज काम किती झाले?" इथे कोणी म्हणेल इतकी व्हाउचरे झाली, कोणी म्हणेल इतक्या फाइली हलल्या. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली म्हणजे काम झाले का? इथे आखणीच जास्त आणि साचेकाम कमी. अशा ठिकाणी संगणक आणून बसवला, तर त्याने कर्मचाऱ्याला किती हात दिला हे कोणत्या मापाने मोजायचे? प्रश्न साधा वाटतो. पण त्याच्यावरून जगभर सत्तर वर्षे वाद झाले, आणि त्या वादाचा एक धागा आपल्या रोह्यापर्यंत येतो.

सुरुवात मात्र लंडनच्या चहाच्या दुकानांत झाली. जे. लायन्स ही चहा, केक आणि पाव विकणारी कंपनी. तिची दुकाने शहरोशहरी पसरलेली. त्यामुळे विक्री लहान-लहान पण हिशेब प्रचंड. या कंपनीने स्वतःच्या कचेरीसाठी स्वतःच संगणक बांधला. त्याचे नाव लिओ. १९५१ साली त्याच्यावर बेकरीच्या मालाचे हिशेब सुरू झाले आणि १९५४ पासून पगारपत्रके. एका कामगाराचा पगार काढायला अनुभवी कारकुनाला ८ मिनिटे लागत. लिओला दीड सेकंद लागे. हा आकडा पुढे संगणकाच्या इतिहासाच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात आला.

शिक्षक मित्रांनी हा हिशेब वर्गात करून पाहावा. ८ मिनिटे म्हणजे ४८० सेकंद. भागिले दीड, म्हणजे ३२० पट वेग. मग लायन्सची कचेरी ३२० पट कार्यक्षम झाली का? अर्थातच नाही. पगार 'काढणे' ही पगाराच्या प्रवासातली एकच पायरी. त्याआधी हजेरीची कार्डे गोळा करायची, तपासायची, यंत्राला समजतील अशी छिद्रे पाडायची. नंतर पावत्या वाटायच्या, तक्रारी ऐकायच्या. समजा, हा सगळा प्रवास माणशी २० मिनिटांचा आहे आणि त्यातली ८ मिनिटे आकडेमोडीची. यंत्राने ती ८ मिनिटे शून्यावर आणली, तरी १२ उरतातच. २० ची १२ झाली, म्हणजे काम फार तर पावणेदोनपट झाले. ३२० कुठे आणि पावणेदोन कुठे! अमेरिकन संगणकतज्ज्ञ जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये यंत्रांच्या वेगाबद्दल हाच मुद्दा मांडला होता: एक भाग कितीही वेगवान करा, न सुधारलेला भाग एकूण वेगाला वेसण घालतो.

लायन्सच्या लोकांना हे अॅमडालच्या आधीच कळले होते, आणि आमच्या मते त्यांचे खरे मोठेपण इथे आहे. १९३० च्या दशकापासून त्यांच्याकडे कचेरीतल्या कामाचा अभ्यास करणारा वेगळा विभाग होता. कोणता कागद कुठून निघतो, कोणाकडे अडतो, तो मुळात लागतो तरी का, हे त्यांनी यंत्र येण्यापूर्वीच वीस वर्षे पाहिले होते. म्हणून तर '८ मिनिटे' हा आकडा त्यांच्याजवळ तयार होता! संगणक आल्यावर त्यांनी दुकानांच्या रोजच्या मागणीची पद्धतच बदलली. दुकानाच्या व्यवस्थापिकेने रोज पूर्ण यादी लिहून पाठवायची नाही; नेहमीची मागणी यंत्राकडे आहेच, तिने फोनवर फक्त फरक सांगायचा. उद्या पाव जास्त, केक कमी, एवढेच. इथे वाचला तो आकडेमोडीचा वेळ नव्हे. यादी लिहिण्याचे कामच नाहीसे झाले.

आता रोह्याकडे वळू. चिंतामणराव देशमुख, म्हणजे सी. डी. देशमुख, यांचा जन्म १८९६ सालचा, रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावचा. घर मात्र रोह्याचे. वडील तिथे वकिली करत. रोह्यातल्या महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. संगणकाच्या कथेतला त्यांचा भाग तेवढा माहीत नसतो. १९४५ ते १९६४ ते कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते. याच संस्थेत, प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने, १९५५ मध्ये इंग्लंडहून मागवलेला संगणक आला. भारतातला तो पहिला अंकीय संगणक. त्याचे काम होते संशोधनाचे व सांख्यिकी गणिताचे, कचेरीचे नव्हे.

कचेरीचा प्रश्न दुसऱ्या वाटेने आला. १९ जानेवारी १९५६ च्या रात्री अर्थमंत्री देशमुखांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावरून त्यांनी त्याच वर्षी मंत्रिपद सोडले, पण त्यांनी लावलेले रोप वाढले. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. त्यात २४५ विमा कंपन्या व संस्था विलीन झाल्या. म्हणजे २४५ तऱ्हांची दप्तरे, फॉर्म आणि वह्या! विमा हा धंदाच मुळी कागदाचा. हप्त्याच्या नोटिसा, बोनसचे गणित, एजंटांचे कमिशन, वीस-वीस वर्षे जपायचे करार. १९६० च्या दशकाच्या मध्यावर महामंडळाने मुंबई आणि कलकत्ता या दोन शहरांत संगणक बसवायचे ठरवले, आणि वाद पेटला.

मुंबईतले यंत्र बसले. कलकत्त्यात इलाको हाउस या इमारतीत यंत्र येऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी पहारे दिले, आणि तिथला संगणक अखेर बसू शकला नाही. आज हे ऐकून तरुण वाचकांना हसू येईल. आम्हाला ते हसण्यासारखे वाटत नाही. सुशिक्षित बेकारीचे ते दिवस होते. मॅट्रिक झालेल्या मुलाला कारकुनाची नोकरी लागली तर घरात पेढे वाटले जात. व्यवस्थापन मोजत होते दर कर्मचाऱ्यामागे किती पॉलिसी. संघटना मोजत होत्या दर यंत्रामागे किती नोकऱ्या. दोघांचेही गणित चुकलेले नव्हते. मापे वेगळी होती.

या भांडणात माप ठरवायला सरकारने ज्या समितीला सांगितले, तिचे अध्यक्ष होते वि. म. दांडेकर, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. नीलकंठ रथ यांच्याबरोबर केलेल्या दारिद्र्याच्या अभ्यासामुळे ते प्रसिद्ध आहेत. स्वयंचलनावरच्या त्यांच्या समितीचा १९७२ चा अहवाल मात्र विस्मरणात गेला. सरसकट बंदी नको आणि मोकाट परवानगीही नको. जिथे यंत्राची खरी गरज दाखवता येईल तिथेच ते यावे, असा त्याचा रोख होता. म्हणजे 'संगणक किती उपयोगी' हे आधी दाखवा, मग आणा. दाखवायचे कसे, हा पेच तरीही उरलाच.

पुढची लढाई बँकांत झाली. आमच्यापैकी ज्यांनी पितळी बिल्ला हातात घेऊन बँकेच्या बाकावर अर्धा-अर्धा तास काढला आहे, त्यांना जुनी शाखा आठवत असेल. चेक द्यायचा, बिल्ला घ्यायचा. चेक लेजरवाल्याकडे जाई. तो ती हातभर लांबीची जाड वही उघडून खात्यात नोंद करी. मग अधिकारी सही ताडून पाही. मग चेक रोखपालाकडे. महिनाअखेर खात्यांची जोड लागेना की काही पैशांच्या फरकासाठी मंडळी रात्री उशिरापर्यंत वह्या चाळत. जून आणि डिसेंबरमध्ये व्याज काढण्याची वेगळीच धांदल.

१९८३ मध्ये बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांबाबत करार झाला. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ मध्ये शाखांसाठी आराखडा दिला. शाखांत जे यंत्र आले त्याला संगणक म्हणायचे नव्हते. ते होते 'अॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन', म्हणजे सुधारलेले खतावणी-यंत्र. नावातच तडजोड होती. उपयोगाचे मापही त्या नावाला शोभेल असेच, व्हाउचरांचे. शाखेत रोज किती व्हाउचरे येतात, यंत्रावर किती चढतात.

हे माप वाईट नव्हते, पण ते काउंटरच्या फक्त आतल्या बाजूचे होते. शिवाय यंत्र बसले तरी काही काळ वहीही लिहायचीच, चूक झाली तर आधार हवा म्हणून. तेवढे दिवस काम कमी होण्याऐवजी दुप्पट. व्हाउचरांच्या आकड्यात ही दुप्पट मेहनत कुठेच दिसत नाही. बिल्ला घेऊन बाकावर बसलेला माणूसही त्यात दिसत नाही.

बाकावरच्या माणसाला मोजायचे एक सोपे साधन विज्ञानाने दिले आहे, आणि ते आठवी-नववीच्या मुलांना सहज समजते. १९०९ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन केंद्रासाठी काम करणाऱ्या एर्लांग यांनी फोनच्या रांगांचे गणित सुरू केले. त्याच शाखेतला एक सुंदर नियम जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला. एखाद्या जागी सरासरी जितकी माणसे असतात, ती संख्या म्हणजे दर मिनिटाला येणारी माणसे गुणिले प्रत्येकाचा तिथला सरासरी वेळ. समजा, टपाल कार्यालयात मिनिटाला २ माणसे येतात आणि केव्हाही मोजले तरी आत साधारण ३० माणसे असतात. मग प्रत्येकाची १५ मिनिटे तिथे जातात. कोणाला विचारायला नको, कोणाच्या मागे घड्याळ घेऊन उभे राहायला नको. दारात एक विद्यार्थी येणारे मोजेल, दुसरा दर पाच मिनिटांनी आतली डोकी मोजेल. मात्र गर्दी एकसारखी वाढत असताना किंवा कार्यालय बंद होण्याच्या घाईत मोजले तर सरासरीचा अर्थ बिघडतो, हे मुलांना आधी सांगावे. पेण किंवा रोह्याच्या एस.टी. स्थानकात पास काढण्याच्या खिडकीपाशी जूनमध्ये हा प्रयोग करायला हरकत नाही. तिथे नमुन्याला तोटा नाही.

काउंटरच्या बाहेरून मोजले की काय दिसते, त्याचे उत्तम उदाहरण रेल्वेचे आहे. पनवेलहून पेणवरून रोह्यापर्यंत गाडी आली १९८६ मध्ये. त्याच सुमारास, १९८५-८६ मध्ये, दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू झाले आणि १९८७ मध्ये मुंबईत आले. त्यापूर्वी प्रत्येक गाडीचे आरक्षणाचे रजिस्टर वेगळे, आणि रजिस्टर एका वेळी एकाच टेबलावर असू शकते. म्हणून या गाडीची ही खिडकी, त्या गाडीची ती. दिवाळीत एका खिडकीसमोर रांग रस्त्यावर जाई आणि शेजारचा कारकून माशा मारत बसे. संगणकाने रजिस्टर टेबलावरून उचलले. आता कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट. समजा, कारकुनाला एक तिकीट द्यायला पूर्वीइतकाच वेळ लागतो. तरीही बाहेरची रांग लहान होते, कारण एकही खिडकी रिकामी राहत नाही. तिकिटे प्रति कारकून प्रति तास एवढेच माप लावले असते तर हा लाभ अर्धाच दिसला असता.

याच सुमारास अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञही डोके खाजवत होते. १९८७ मध्ये, ज्या वर्षी त्यांना नोबेल मिळाले त्याच वर्षी, रॉबर्ट सोलो यांनी म्हटले की संगणकयुग सगळीकडे दिसते, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत तेवढे दिसत नाही. कचेऱ्यांनी यंत्रांवर पैसा ओतला होता आणि आकडे हलत नव्हते. १९९० मध्ये अर्थशास्त्राचे इतिहासकार पॉल डेव्हिड यांनी याला उत्तर दिले ते विजेच्या इतिहासातून.

विजेचा इतिहास पेण-रोहेकरांना परका नाही. टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ चे, भिऱ्याचे १९२७ चे. मुंबईच्या गिरण्या त्यावर फिरल्या, आणि भिऱ्यातून सुटणाऱ्या पाण्यामुळे कुंडलिका रोह्यात उन्हाळ्यातही वाहते. डेव्हिड यांनी पाहिले ते अमेरिकेतले कारखाने. तिथे वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झाले, पण कारखान्यांची उत्पादकता जोरात वाढली ती १९२० च्या दशकात. चाळीस वर्षे कुठे गेली? वाफेच्या कारखान्यात एकच मोठे इंजिन असे. त्याला जोडलेला लांब दांडा छताखालून फिरे आणि पट्ट्यांनी सगळी यंत्रे चालत. म्हणून कारखाने मजल्यांवर मजले चढवून, दांड्याभोवती दाटीवाटीने बांधलेले. वीज आली तेव्हा मालकांनी इंजिन काढून तिथे मोटार बसवली. दांडा तसाच राहिला, पट्टे तसेच राहिले! प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटार द्यावी, म्हणजे दांडा नको, मजले नकोत, आणि काम ज्या क्रमाने होते त्या क्रमाने यंत्रे मांडता येतील, हे अमलात यायला एक पिढी गेली. खतावणी-यंत्र म्हणजे वहीच्या जागी बसवलेली मोटार, असे आम्हाला हे वाचताना वाटले.

बँकेतला दांडा कधी निघाला? एक तारीख आम्ही सांगू शकतो: १ एप्रिल २०१०. तोपर्यंत बचत खात्यावर व्याज मिळे ते महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर. हा नियम ग्राहकाला फसवण्यासाठी नव्हता. हाताने व्याज काढणाऱ्या कारकुनाला महिन्याला एकच आकडा पाहावा लागावा, म्हणून होता. आता उदाहरण घेऊ. ३१ दिवसांच्या महिन्यात खात्यावर १०,००० रुपये आहेत आणि शेवटच्या दिवशी ९,००० काढले. व्याजाचा दर तेव्हाचा, साडेतीन टक्के. जुन्या नियमाने व्याज फक्त १,००० रुपयांवर, म्हणजे महिन्याचे सुमारे २ रुपये ९२ पैसे. रोजच्या शिलकीवर काढले तर ३० दिवस १०,००० आणि १ दिवस १,०००, म्हणजे सुमारे २८ रुपये ८६ पैसे. जवळजवळ दहापट. रिझर्व्ह बँकेने रोजच्या शिलकीवर व्याज लागू केले ते शाखांत यंत्रे येऊ लागल्यावर सुमारे पाव शतकाने. मधली सारी वर्षे कारकुनाच्या सोयीचा नियम यंत्र पाळत होते! आणि हा लाभ कर्मचाऱ्यामागे व्हाउचरे मोजणाऱ्या कोणत्याही तक्त्यात येत नाही, कारण तो जमा झाला पेन्शनरच्या पासबुकात.

शाळांना हे फार समजावून सांगायला नको. २०१५ मध्ये 'सरल' आल्यापासून विद्यार्थ्यांची माहिती भरत रात्री जागलेले शिक्षक आमचे वाचक आहेत. तालुक्याच्या तक्त्यात 'शंभर टक्के माहिती भरली' असे दिसते; ती भरायला गेलेल्या तासिका त्या तक्त्यात नसतात.

सर्वांत लांबलेली कथा सातबाऱ्याची. भूमी अभिलेख संगणकावर आणण्याची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रायोगिक सुरू झाली. त्यात महाराष्ट्रातला वर्धा होता. पुढे राज्यभर तलाठ्यांच्या हस्तलिखित उताऱ्यांची माहिती यंत्रात भरली गेली. प्रगती मोजली जाई ती भरलेल्या उताऱ्यांच्या संख्येने आणि टक्केवारीने. पण पेणच्या खारजमिनीत एका तुकड्यावर वारसांची नावे ओळीने असतात. त्यातले एक नाव गळले, आडनावाचा एक काना इकडचा तिकडे झाला, क्षेत्रातला दशांश सरकला, तर शंभर टक्क्यांत तो उताराही धरलेला असतो, आणि पीककर्ज मात्र अडते. यंत्राने काम जलद केले यात शंका नाही. चूकही तितक्याच जलद छापून मिळू लागली.

ही चूक शोधायला शेवटी शासनाने जे केले त्यात यंत्राचा वाटा थोडाच होता. २०१७ मध्ये राज्यभर गावोगावी चावडीवाचन झाले. तलाठ्याने संगणकातले उतारे छापून आणायचे आणि गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचायचे: गट क्रमांक, क्षेत्र, खातेदारांची नावे. ज्याची जमीन त्याने ऐकायचे, आणि चूक असेल तर तिथेच सांगायचे.